थिओचा कोपरा

१

स्टुडिओ उघडायचं काम एकतीस वर्षं माझ्याकडे होतं आणि वाजवायचं थिओकडे.

सकाळी साडेनऊला मी पत्र्याच्या कुंपणातलं दार ढकलायचो, कुलूप काढायचो, पंखा लावायचो. टेप मशीन तापायला अर्धा तास घेतं, तेवढ्यात त्याची टेप वाचणारी हेडं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढायचो. साडेदहाला थिओफिलस यायचा. हातात आल्याच्या सरबताची बाटली, अंगात इस्त्रीचा शर्ट, वजन सव्वाशे किलो. जिन्याखालच्या कोपऱ्यात त्याची लाकडी खुर्ची होती. तो बसला की ती दोनदा कुरकुरायची. मग तो रुंद, नख एका बाजूला वाढलेल्या अंगठ्यानं एकच स्वर छेडायचा, आणि काचेपलीकडे बसलेली स्टुडिओची मालकीण पॉलेट हातातलं काम टाकून डोळे मिटायची. तिच्याआधी तिचा बापही असेच मिटायचा.

मीही बेस गिटारच वाजवतो. हे मुद्दाम सांगावं लागतं, त्यातच माझं सगळं आलं.

थिओला ताप आला, किंवा तो डोंगरापलीकडच्या गावी कोणाच्या मातीला गेला, की मला बोलावणं यायचं. एकतीस वर्षांत असं अकरा वेळा झालं. अकराही वेळा रेकॉर्डच्या पाकिटावर नाव थिओचंच छापलं, आणि ऐकणारे म्हणाले, या गाण्यात थिओ जरा थकलेला वाटतो.

आमच्या किंग्स्टनमध्ये गाणारा चुकला तर लोक हसतात, बेस चुकला तर उठून जातात. थिओचा बेस कधी कोणाला उठू द्यायचा नाही. त्याच्या आवाजाला ऊब होती. तो कानावर पडायच्या आधी छातीत येऊन बसायचा. आणि वाईट म्हणजे थिओनं त्यातलं काहीच लपवलं नव्हतं. मला समोर बसवून दाखवायचा. "हे बघ हॉपी, तारा बदलायच्या नाहीत. मी पस्तीस वर्षं बदललेल्या नाहीत. घाम मुरू दे. हा स्पंज, आयोनीच्या भांडी घासायच्या स्पंजातला कापलाय, तारांखाली सरकवायचा. माइक अॅम्पच्या पेटीपासून एक वीत आणि दोन बोटं. आणि खुर्ची इथंच." खुर्चीच्या चार पायांभोवती त्यानं खिळ्यानं जमिनीवर चार गोल कोरले होते. "हे काही हलवायचं नाही. कोपराच वाजवतो रे, मी नुसता टेकतो."

मी घरी जाऊन तसंच करायचो. माझा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा यायचा. लपवणाऱ्या माणसाचा राग तरी करता येतो. उघड्या हातानं देणाऱ्याचं काय करायचं? मी हसून मान डोलवायचो आणि आतल्या आत जळायचो.

२

मार्चमध्ये थिओ गेला. झोपेतच, हृदय बंद पडून.

नवव्या रात्री त्याच्या अंगणात सगळी गल्ली जमली. तळलेली मासळी, पांढरी रम, डोमिनोच्या सोंगट्यांचे फटके, गाणी. गेलेल्या माणसाची खोली आमच्याकडे त्या रात्री फिरवतात. पलंगाचं डोकं दुसरीकडे, कपाट दुसऱ्या भिंतीला. परत आलाच तर त्याला जागा परकी वाटावी आणि त्यानं आल्या पावली निघून जावं, एवढंच. मी काही देवभोळा माणूस नाही. पण पलंग उचलायला मीही हात लावला.

त्याची बायको मिस आयोनी मला बाजूला घेऊन गेली. मोठी खमकी बाई. डोळे कोरडे होते, आवाज मात्र बसला होता.

"घर मी फिरवलं, हॉपटन. पण घरी तो नुसता झोपायला यायचा. खरा राहायचा तुमच्या त्या स्टुडिओत. तो कोपरा तू फिरव. खुर्ची, पेटी, सगळं."

"फिरवतो, मिस आयोनी."

"उद्याच्या उद्या."

"उद्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, तेवढ्यात पॉलेट नाचतच आत आली. चाळिशीची बाई, पण आनंद झाला की शाळकरी पोरीसारखी वागते.

"अंकल हॉपी! बर्लिनच्या कंपनीची ऑर्डर आली. आठ गाणी. त्यांना जुना आवाज पाहिजे, टेपवरचा, थिओ अंकलचा होता तसा."

"मग कम्प्युटरवर कर ना. तुझ्याकडे टेपची नक्कल करणारी सॉफ्टवेअरं आहेत की."

"तीन आहेत. तिन्ही लावून बघितली, थिओ अंकलच्या जागी तुम्ही वाजवलेला जुना टेक घेऊन." ती थबकली. "म्हणजे, छान येतं. पण डब्यातलं दूध वाटतं. गाईचं नाही."

"माझा टेक म्हणून?"

"तसं नाही हो अंकल. लगेच तोंड पाडू नका." मग तिनं कोपऱ्याकडे पाहिलं. थिओची गिटार भिंतीला टेकलेली होती. आजारपणात तो ती घरी न्यायचा, मला कधी मिळाली नव्हती. "सगळं जसंच्या तसं आहे ना? मग तुम्हीच बसा तिथं. आणि या वेळी पाकिटावर नाव तुमचं. मी शब्द देते."

मी खुर्चीवरचा हात काढून घेतला. झाडू आणला आणि कोपऱ्याच्या भोवती झाडलं, जमिनीवरच्या चार गोलांना धक्का न लावता.

रविवारी मिस आयोनी चर्चच्या दारात भेटली. "फिरवलंस?"

"फिरवलं," मी म्हणालो. चर्चच्या दारात.

३

पहिलं गाणं सकाळी अकराला घेतलं. बाहेर ऊन रणरणत होतं, गल्लीत कोणीतरी बकरीला शिव्या घालत होतं. मी थिओच्या खुर्चीत बसलो. मी काडीसारखा माणूस, खुर्चीनं हूं की चूं केलं नाही. गिटार मांडीवर घेतली, अंगठा ठेवला आणि एक स्वर छेडला.

तो आला. पहिल्या फटक्यालाच. गोल, जड, उबदार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि लाज वाटून मी खाली बघितलं. काचेपलीकडे मशीनवरची सुई लाल पट्ट्यात झुकत होती, आणि पॉलेटनं डोळे मिटले होते. माझ्यासाठी मिटले होते.

गाणं संपल्यावर मी तिच्या खोलीत गेलो. तिनं रीळ मागं फिरवून लावलं. मी उभ्यानंच ऐकलं, खिशात हात घालून, आपल्याला काही विशेष वाटत नाही असा चेहरा करून. चार मिनिटं मी जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो.

शेवटचा स्वर विरला. आणि मग टेपवर खुर्ची कुरकुरली. दोनदा.

"अंकल, उठताना जरा सावकाश उठा," पॉलेट सहज म्हणाली. "माइक सगळं पकडतो."

 मी उठलोच नव्हतो. शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत मी श्वाससुद्धा रोखून धरला होता. मग मनाशी म्हटलं, रीळ जुनं आहे. आपल्याकडे टेपचा दुष्काळ. एकाच रिळावर पुसून पुसून दहा गाणी घेतली जातात. खालचं थोडं वर राहिलं असणार. हे असं होतं, मी स्वतः ऐकलंय. घरी जाताना ब्रेड घेतला, बायकोला पहिल्यांदा आपणहून सांगितलं की आज चांगलं वाजलं.

४

तीन गाणी झाली. तिन्हींच्या शेवटी खुर्ची कुरकुरली. पॉलेट ते कापून टाकायची. चौथ्यालाही तेच झालं तेव्हा तिचीही सटकली.

"थांबा. टेप नको, माइक नको. गिटारची वायर सरळ कम्प्युटरला लावते. वायरला फक्त तारा ऐकू येतात, खोली ऐकूच येत नाही. बघू आता तुमची खुर्ची काय करते."

मी तालाची आठ आवर्तनं वाजवली. तिनं ऐकवलं. टेप नसूनही ऊब तशीच होती. आणि शेवटी, वायरमधून, खुर्ची दोनदा कुरकुरली.

पॉलेट पडद्यावर वाकली. पडद्यावर आवाजाचे उंचवटे दिसतात, प्रत्येक स्वराचा एक. तिनं ते मोठे केले, आणखी मोठे केले.

"अंकल, तुम्ही प्रत्येक स्वर दोनदा वाजवताय का?"

"वेडी आहेस का?"

"मग हे काय आहे?"

प्रत्येक स्वराला दोन उंचवटे होते. पहिला बारीक, टोकदार. त्याच्या मागं, डोळ्याची पापणी लवायला लागेल तेवढ्या अंतरावर, दुसरा. रुंद, गोल. थिओ नेहमी ताल पडल्यावर किंचित उशिरानं यायचा. त्याच्या त्या उशिरावर अर्धं किंग्स्टन डोलायचं.

"वायरीत दोष असेल," मी म्हणालो.

"असेल." तिनं पहिला उंचवटा बाजूला काढून एकटा ऐकवला. पत्र्याचा डबा. हा आवाज मी एकतीस वर्षं ओळखतो. मग दुसरा एकटा ऐकवायला तिनं बोट पुढं केलं.

"नको," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि बोट मागं घेतलं. त्यावर आम्ही दोघं परत कधी बोललो नाही. तिला ऑर्डर हवी होती, मला पाकिटावरचं नाव.

मला त्या दिवशी भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, नाही वाटली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेला, पुरला, वर माती लोटली, तरी या माणसाला माझ्यासाठी एक खुर्ची सोडवेना! सगळं हयातीत मिळालं की रे तुला. आता माझ्या मागं मागं येऊन माझ्याच स्वरावर पाय ठेवतोस? मी ठरवलं, उरलेली चार गाणी इतकी जाड वाजवायची की दुसऱ्या उंचवट्याला जागाच उरता कामा नये.

५

मी उशिरा यायला शिकलो. थिओसारखं मागं रेलून. अंगठा पसरून ठेवायला शिकलो. पाचव्या गाण्यात दोन उंचवटे जवळ आले. सहाव्यात एकमेकांना चिकटले. पॉलेट मला पडदा दाखवत नव्हती, मीच जाऊन बघायचो आणि खूश व्हायचो.

सकाळी मी कुलूप काढून आत गेलो की खुर्ची गरम असायची. आदल्या संध्याकाळपासून कोणी आत आलेलं नसायचं, किल्ली माझ्याच खिशात. पत्र्याचं छप्पर तापतं, त्यानं असेल, असं मी म्हणायचो. साडेनऊला छप्पर तापत नाही. मी तरी म्हणायचो, आणि बसायचो.

बायको म्हणाली, "हल्ली घोरायला लागलात." मी आयुष्यात कधी घोरलो नाही.

सातव्या गाण्याच्या दिवशी दुपारी दार वाजलं. मिस आयोनी, डोक्याला रुमाल बांधलेली, हातात झाकणाचा डबा. थिओ असताना रोज यायची, तो गेल्यापासून पहिल्यांदाच आली होती.

"राजमा केला होता, नारळाच्या दुधातला. एकटीला संपेना. म्हटलं तुम्ही दोघं खाल." डबा तिनं पॉलेटच्या टेबलावर ठेवला. "काय चाललंय?"

 नुकतंच घेतलेलं गाणं मशीनवर वाजतच होतं. मिस आयोनी डब्याचं झाकण काढता काढता थांबली. चमचा तिच्या हातातच राहिला. तिनं काचेतून कोपऱ्याकडे पाहिलं. खुर्ची, पेटी, स्पंज, जमिनीवरचे चार गोल. मग माझ्याकडे पाहिलं.

"कोपरा फिरवलाच नाहीस."

"मिस आयोनी, नुसती आठ गाणी—"

"चर्चच्या दारात माझ्या तोंडावर खोटं बोललास."

"तुमच्या नवऱ्यानंच सांगितलं होतं, काही हलवायचं नाही म्हणून!"

"ते माझ्या जिवंत नवऱ्यानं सांगितलं होतं!" तिनं चमचा आपटला. मग आवाज एकदम उतरला. "अरे, तो काही तुझ्या वाईटावर नाही. तो कधीच कोणाच्या नव्हता. तो आपला आपल्या जागेवर येऊन बसतो. तिथं आधीच कोणी बसलंय, हे त्याला कुठं कळतंय? पण तू उठला नाहीस तर तो बसणार कुठं, सांग?"

 मी भलतंच बोललो. "एक गाणं राहिलंय. एकच."

"उद्या दुपारी चर्चमधले दोघं जण घेऊन येते. मी स्वतः हलवणार. त्याच्या आत तुझं काय ते उरकून घे." दारात ती वळली. "नाही बसलास तर बरं, हॉपटन. मी पाया पडते."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्लिनहून मेल आली होती. पॉलेटनं वाचून दाखवली. सात गाणी ऐकली, आम्ही वेडे झालोय, हा बेस कोणाचा? नाव कळवा, पाकिटावर पुढच्याच बाजूला मोठ्या अक्षरांत टाकतो.

"मी कळवलं," ती म्हणाली. "हॉपटन बेकफर्ड. स्पेलिंगसकट." मग हळूच म्हणाली, "सात गाणी पुरेत, अंकल. आठवं मी कम्प्युटरवर जुळवते. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल," मी म्हणालो आणि आत गेलो.

बारा वाजले होते. खुर्ची गरम होती. मी बसलो आणि ती कुरकुरली. दोनदा. माझ्या खाली, माझ्या कानांनी ऐकली. गिटार मांडीवर घेतली तर ती नेहमीपेक्षा वीतभर पुढं राहिली. माझं पोट आणि गिटार यांच्यामध्ये काहीतरी होतं. मऊ, उबदार, सावकाश वरखाली होणारं. मी खाली बघितलं नाही. हेडफोन लावले आणि मान हलवली. पॉलेटनं मशीन सुरू केलं.

तसं वाजवणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. एकच आवाज होता, कुठं सांधा नव्हता. मी उशीर करतोय की तो माझ्याकडून करवून घेतोय, काही उमगत नव्हतं. मला वाटलं, हे माझं. या क्षणी तरी हे माझंच. तेवढ्यात समोरच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसलं. दिव्यामुळे चेहरा दिसत नव्हता, नुसते हात. गिटारीवरचा अंगठा रुंद होता, नख एका बाजूला वाढलेलं. मी डोळे मिटून घेतले.

गाणं संपलं. शेवटचा स्वर विरला, मशीन थांबलं.

"झालं, अंकल," हेडफोनमध्ये पॉलेट म्हणाली. "सुरेख झालं. थांबा आता."

अंगठा थांबला नाही.

"अंकल हॉपी? टेप संपली. ऐकताय ना?"

ऐकत होतो. उत्तर द्यायला तोंड उघडत नव्हतं. अंगठा वाजवत राहिला, शांत, मजेत, थिओ जेवायच्या आधी उगाच वाजवत बसायचा तसं. बाहेर दार वाजलं. पावलं. काचेपलीकडे रुमाल बांधलेलं डोकं दिसलं. मिस आयोनीनं पॉलेटच्या हातातून माइक ओढून घेतला.

"हॉपटन, ऊठ."

मी ऐकलं.

"हॉपटन बेकफर्ड! ऊठ म्हणते ना!"

माझं नाव. पुरं, स्पष्ट, भर दुपारी. पाय हलत नव्हते हे खरं. पण त्याहून खरं सांगतो, मला उठायचं नव्हतं. मी उठलो की उरलेलं तो एकटा वाजवणार, आणि ते ह्याहूनही चांगलं असणार, हे मला सहन झालं नसतं.

"हॉपटन, बाळा, ऊठ रे," ती रडत म्हणाली.

मी बसून राहिलो.

मग तिनं रुमालानं तोंड पुसलं. माइक तोंडाजवळ आणला. आता ती माझ्याशी बोलत नव्हती. रोज दुपारी एक वाजता दारात उभी राहून बोलायची, त्या आवाजात बोलली.

"थिओ, चल जेवायला. राजमा गार होतोय."

आणि मी उठलो.